देवाला गेल्यावर गुडघे का दुखत नाहीत?

"घरात उंबरा ओलांडताना हिचा गुडघा दुखतो, आणि लेण्याद्रीच्या पायऱ्या मात्र सगळ्यांच्या पुढे चढून गेली. आता तुम्हीच सांगा, डॉक्टर!"

लोणीच्या दवाखान्यात हे वाक्य मी दर वर्षी ऐकते. श्रावण संपला, दिवाळीच्या सुट्ट्या झाल्या, अष्टविनायकाची गाडी जाऊन आली, की हमखास. बोलणारा कधी मुलगा असतो, कधी सून, कधी नवरा. जिच्याबद्दल बोलणं चाललेलं असतं ती शेजारच्या स्टुलावर पदर सावरत बसलेली असते. ती काही बोलत नाही. बोलणार तरी काय? पायऱ्या चढली हे खरंच असतं. लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, त्या कुणी तिच्यासाठी चढलेलं नसतं.

या बोलण्यातला संशय तुमच्या लक्षात आला असेल. घरातलं दुखणं म्हणजे काम टाळायचं निमित्त, असं सुचवायचं असतं. काही घरांत ते सुचवत नाहीत, सरळ बोलून दाखवतात. मग पुढच्या खेपेला ती बाई दवाखान्यात येतच नाही. मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून खाते, महिनोन्‌महिने खाते, आणि एक दिवस पोटात जळजळ किंवा पायांवर सूज घेऊन येते. तोपर्यंत बीपी वाढलेलं असतं, कधी किडनीवरही परिणाम झालेला असतो. म्हणून हा विषय मला चेष्टेवारी नेण्यासारखा वाटत नाही.

उत्तर आधीच देऊन टाकते. घरी गुडघा दुखतो हे खरं आहे, आणि पायऱ्यांवर तो दुखला नाही हेही खरं आहे. दोन्ही एकाच गुडघ्याच्या बाबतीत, एकाच आठवड्यात खरं असू शकतं.

आता ते कसं, ते बघू. आपल्याला वाटतं, की गुडघ्यात बिघाड, म्हणून गुडघ्यात दुखणं; जेवढा बिघाड तेवढं दुखणं. तसं असतं तर माझं काम फार सोपं झालं असतं. एक्स-रे पाहिला की सांगता आलं असतं. प्रत्यक्षात सांध्याची पार झीज झालेला एखादा माणूस सायकलवर दूध घालून येतो, आणि जवळजवळ स्वच्छ एक्स-रे असलेल्या बाईला खाली बसता येत नाही. गुडघ्यातून निघते ती सूचना. ती नसांमधून मणक्यातल्या मज्जारज्जूत जाते, तिथून मेंदूत. वाटेत ती कमी-जास्त करता येते. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी असं मांडलं, की मज्जारज्जूत जणू एक फाटक आहे, आणि ते किती उघडं ठेवायचं यात मेंदूचाही हात असतो. त्या मांडणीतले बारकावे पुढे बदलले, पण मूळ गोष्ट टिकून राहिली. लक्ष दुसरीकडे असलं, मनात भीती नसली, सोबत आपली माणसं असली, की फाटक बरंचसं बंद राहतं. काळजी, एकटेपणा, अपुरी झोप असली, की ते सताड उघडतं.

याच्या आधीचं एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर काम केलेले अमेरिकन डॉक्टर हेन्री बीचर यांनी १९४६ साली जखमी सैनिकांबद्दल लिहिलं. मोठमोठ्या जखमा झालेले कितीतरी सैनिक, विचारलं तर, दुखणं फारसं नाही, इंजेक्शन नको, असं सांगत. ते शुद्धीवर होते, सुया टोचल्या तर ओरडत होते. बीचर यांना वाटलं, की जखमेचा अर्थ इथे वेगळा आहे. सैनिकाच्या दृष्टीने जखम म्हणजे लढाईतून सुटका. तीच जखम गावात, कामाच्या दिवसात झाली असती तर ती संकट ठरली असती.

आपल्या गुडघ्याच्या बाबतीत दुखण्याचा अर्थ कुठे बदलतो? घरी गुडघा दुखला, की पुढचं सगळं डोळ्यांसमोर येतं. आता धुणं राहील, भाकरी कोण करणार, कांदा काढायला बाई लावावी लागेल, मुलगा वैतागेल. पायऱ्यांवर गुडघा दुखला, तर त्याचा अर्थ एवढाच असतो, की जरा टेकू, पाणी पिऊ, वर गणपती आहे.

याला एक अगदी साधं शारीरिक कारणही आहे, ते विसरायला नको. झिजलेला सांधा बराच वेळ एका जागी राहिला की आखडतो आणि उठताना पहिली दहा-वीस पावलं दुखतात. चालत राहिलं, की मोकळा होतो. देवाला गेलेली बाई दिवसभर थोडी-थोडी चालत असते. घरी ती तासभर चुलीपुढे किंवा शेगडीपुढे, तासभर भांड्यांपुढे बसते, आणि मग एकदम उठते. त्यामुळे उंबऱ्यावर दुखणं आणि पायऱ्यांवर न दुखणं यात सांध्याचाही वाटा आहे.

पण सगळा वाटा सांध्याचा नाही, हे मला एका गोष्टीवरून कळतं. सगळ्याच सहलींत गुडघा गप्प बसत नाही.

इथे काम करताना हळूहळू हे लक्षात आलं. बचत गटातल्या बायका मिळून गाडी करून अष्टविनायकाला, तुळजापूरला, पंढरपूरला गेल्या, की परत येऊन त्या गुडघ्याचं नाव काढत नाहीत. निदान दोन-तीन दिवस तरी. त्याच बाया घरच्यांबरोबर फिरायला गेल्या, की येताना गुडघा, कंबर, डोकं सगळं घेऊन येतात. फरक कशाचा? ठिकाण तेच, पायऱ्या त्याच. मी विचारून बघितलं. घरच्यांच्या सहलीत पहाटे साडेतीनला उठून दशम्या, चटणी, पुऱ्या केल्या जातात. गाडीत नातवाला मांडीवर घेतलं जातं. कुणाला उलटी झाली तर पिशवी कुणी धरायची हे ठरलेलं असतं. दर्शनाच्या रांगेत चपला, पिशव्या, लहान मूल सांभाळत एका बाजूला कुणी थांबायचं हेही ठरलेलं असतं. गाव बदललं, पण तिचं काम काही बदललं नाही. गाडीला चाकं होती, तशी स्वयंपाकघरालाही होती.

आता तुम्ही म्हणाल, घरी तरी तिला कुठे चोवीस तास काम असतं? दुपारी ती टीव्हीसमोर बसतेच की. बसते. बसून ती काय करते ते एकदा बघा. सीरियल चालू असते आणि हातात लसूण असतो. ओट्यावर शेजारणीशी गप्पा चालतात आणि पुढ्यात तांदळाचं ताट असतं. गिरणीवर रांगेत उभं राहून मन मोकळं होतं, पण डोक्यावर पिठाचा डबा असतो. रोजचा विरंगुळा हा कामाच्या सांदीत बसवलेला असतो. कुणीही हाक मारली की उठायचं, ही त्याची अटच असते. पुरुषांचा पारावरचा, हॉटेलातल्या चहावरचा वेळ त्यामानाने बराच मोकळा, पण त्यांचाही एक कान विहिरीवरच्या मोटारीकडे असतो. लाइट रात्रीची असली, की झोपेतही असतो.

थकवा कशाने भरून निघतो यावर जर्मन मानसशास्त्रज्ञ साबिने सोननटाग आणि त्यांच्या सहकारी शार्लोटे फ्रित्स यांनी २००७ साली एक चांगलं काम प्रसिद्ध केलं. कामाबाहेरच्या वेळात माणसाला चार गोष्टी भरून काढतात, असं त्यांनी मांडलं. कामापासून मन सुटणं, अंग सैल पडणं, काहीतरी नवं जमल्याचा आनंद, आणि हा वेळ कसा घालवायचा ते आपण ठरवणं. हे काम पगारदार माणसांवर झालेलं आहे, लोणीच्या शेतकरी बाईवर नाही. तरी हे चार प्रश्न तिला लावून बघा. टीव्हीसमोर अंग थोडं सैल पडतं, बाकी तीन गोष्टी मिळत नाहीत. मन सुटत नाही, कारण काम समोरच दिसत असतं. भांडी दिसतात, गोठा ऐकू येतो. नवं काही जमत नाही. वेळ आपला नसतो. बचत गटाच्या गाडीत मात्र चारही मिळतात. लेण्याद्रीच्या वरच्या पायरीवर पोचलेल्या साठीच्या बाईच्या चेहऱ्यावर जे असतं, ते त्यातलं तिसरं.

फिरणं आणि घरी आराम करणं यातला फरक मला इथे दिसतो. निसर्ग, हवा, देऊळ हे सगळं आहेच, पण खरा बदल हा, की तिथे तुम्हाला कुणी 'आई, माझा डबा' म्हणत नाही.

हवेचं आणि निसर्गाचं म्हणाल, तर त्याबद्दलही एक गंमत सांगते. आमची लोणी आंबेगाव तालुक्याच्या पूर्व टोकाला. इकडे धामणी, शिरदाळे, पोंदेवाडी, सगळा पट्टा कोरडा. पावसाची वाट बघण्यात जून-जुलै जातो. तालुक्याच्या पश्चिम टोकाला भीमाशंकर, जिथे पाऊस थांबायचं नाव घेत नाही. श्रावणात आमच्याकडून गाड्या तिकडे निघतात. डिंभ्याचं धरण मागे पडलं, की माणसं खिडकीतून हात बाहेर काढतात. धुक्यात उभी राहून भिजतात. लहान मुलांना एरवी पावसात जाऊ न देणाऱ्या आज्या स्वतः भिजतात. त्याच वेळी रस्त्याच्या कडेच्या खाचरात तिथली माणसं कंबरेत वाकून भाताची आवणी करत असतात. त्यांच्यासाठी तो पाऊस म्हणजे ओले कपडे, दुखणारी कंबर आणि पायाच्या बोटांतल्या चिखल्या. भिजवणारा पाऊस दोघांना सारखाच असतो.

उलटही होतं. शेजारच्या जुन्नरला सरकारने २०१८ साली पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट तर आहेतच, पण शेतावर राहायला येणारी पुण्या-मुंबईची मंडळीही वाढली. ती पैसे देऊन बाजेवर झोपतात, चुलीवरची भाकरी खातात, गाईची धार काढून बघतात. आमच्याकडच्या एका पेशंट मावशींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "त्यात काय बघायचं? धार काढायची तर माझ्याकडे या म्हणावं, पैसे नको." इंग्लंडचे समाजशास्त्रज्ञ जॉन उरी यांनी १९९० साली पर्यटकाच्या नजरेवर एक पुस्तक लिहिलं. त्यातला मुख्य मुद्दा मावशींच्या बोलण्यात आहे. बघण्यासारखं काय, हे त्या जागेवर ठरत नाही, बघणाऱ्याच्या रोजच्या जगण्यावर ठरतं. ज्याच्या रोजच्या दिवसात गोठा नाही, त्याला गोठ्यात विसावा मिळतो. ज्याच्या आहे, त्याला तो गोठ्यापासून लांब गेल्यावरच मिळणार. म्हणून शहरातल्या पाहुण्याने 'तुम्ही किती छान हवेत राहता, तुम्हाला फिरायला जायची काय गरज' असं म्हटलं, तर मनावर घेऊ नका. हवा छान आहे, पण त्या हवेत तुम्ही कामावर आहात.

गोठ्याचा विषय निघालाच आहे तर आमच्याकडची खरी अडचण सांगते. दुभती जनावरं असलेलं घर एकत्र बाहेर पडू शकत नाही. सकाळी धार, डेअरीवर दूध, संध्याकाळी पुन्हा धार. कुणीतरी मागे राहतंच, आणि ते कोण हे सहसा विचारावं लागत नाही. मागे राहणाऱ्याला 'घरीच तर होतीस, आराम झाला असेल' असं ऐकावं लागतं. आराम तर झालेला नसतोच, दोघांचं काम एकट्याने केलेलं असतं. ज्या वस्त्यांवर दोन घरांनी आळीपाळीने एकमेकांच्या गाई सांभाळायचं ठरवलंय, तिथल्या बायका वर्षातून एकदा तरी बाहेर पडतात, हे मी बघते. हा सल्ला औषधाच्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

पुरुषांबद्दल थोडक्यात. गाडी लेण्याद्रीला आणि मन मंचरच्या बाजारात, अशी अवस्था मोबाइलने केली आहे. कांद्याला काय भाव निघाला, मजूर आले का, मोटार चालू केली का. दर अर्ध्या तासाला फोन. अशी सहल अंगाला दमवते आणि मनाला सोडत नाही. बीपीचे पेशंट असाल तर त्या दिवशी भाव कुणातरी दुसऱ्याला बघू द्या.

फिरण्याचा फायदा किती टिकतो, हे तुम्हाला जाणून घ्यायचं असेल. इथे मला तुमची थोडी निराशा करावी लागेल. नेदरलँड्समध्ये येसिका दे ब्लूम आणि सहकाऱ्यांनी सुट्टीवर गेलेल्या नोकरदारांची तब्येत आणि मनःस्थिती सुट्टीआधी, सुट्टीत आणि नंतर मोजली. सुट्टीत सगळं सुधारलं, आणि कामावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात पुन्हा होतं तिथे आलं. तिथल्याच येरून नाविन यांनी २०१० साली दीड हजार लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात फिरायला जाणारी माणसं जायच्या आधी इतरांपेक्षा जास्त आनंदी होती. परत आल्यावर फारसा फरक उरला नव्हता. ज्यांची सहल अगदी निवांत झाली, त्यांचाच आनंद थोडे दिवस टिकला.

जायच्या आधीचा आनंद हा आपल्या ओळखीचा आहे. तारीख ठरली, की नवी साडी बाहेर निघते, पिशवीची चेन दुरुस्त होते, कुणाला काय प्रसाद आणायचा याची यादी होते. ज्या पेशंट आजींची शुगर एरवी तक्रारीशिवाय ऐकू येत नाही, त्या पंढरपूरला जायच्या पंधरा दिवस आधी स्वतःहून तपासायला येतात. हे दिवसही सहलीतच धरा. म्हणून 'उद्या अचानक जाऊ या' यापेक्षा महिनाभर आधी ठरवलेली एक दिवसाची सहल मला जास्त गुणकारी वाटते.

आणि नंतरची आठवण. घरातले तीस दिवस एकसारखे असतात, मेंदू त्यांची वेगवेगळी नोंद ठेवत नाही. सहलीच्या एका दिवसात नवी गावं, नवी माणसं, हरवलेली चप्पल, बंद पडलेली गाडी. नोंदी भरपूर. म्हणून तो दिवस चालू असताना भर्रकन जातो, आणि नंतर आठवताना चांगला लांबलचक वाटतो. बायका वर्षभर त्यावर बोलतात ते उगाच नाही.

मग एवढ्या थोड्या फायद्यासाठी जायचं का? अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात हृदयविकारावर जो प्रसिद्ध अभ्यास पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, त्यातल्या बायकांच्या वीस वर्षांच्या नोंदी १९९२ साली तपासल्या गेल्या. घर सांभाळणाऱ्या बायकांमध्ये, ज्या क्वचितच सुट्टीवर जात, त्यांना हार्ट अटॅकचं प्रमाण जास्त दिसलं. दिवसभर एकटं वाटणं आणि रात्री लवकर झोप न लागणं, याही गोष्टी त्याच यादीत होत्या. २००० साली बारा हजारांहून जास्त पुरुषांच्या नोंदींतही, दर वर्षी सुट्टी घेणाऱ्यांमध्ये नऊ वर्षांत मृत्यू कमी झाल्याचं दिसलं. यावरून सहल हे हृदयाचं औषध आहे असं मी म्हणणार नाही. ज्याच्याकडे पैसा, वेळ आणि चांगली तब्येत आहे तोच जास्त फिरतो, हे उघड आहे. पण वर्षानुवर्षं एक दिवसही न सुटलेली बाई समोर बसली, की मी ही गोष्ट तिच्या बीपीइतकीच नोंदवून ठेवते.

जाणं आता पूर्वीपेक्षा थोडं सोपं झालं आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत झाली आणि मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट. तिकिटाचे पैसे नवऱ्याकडे मागावे लागत नाहीत, किंवा निम्मेच मागावे लागतात, याने किती फरक पडतो हे आमच्या स्टँडवर उभं राहिलं की दिसतं. साठ-पासष्टच्या मैत्रिणी आता आळंदीला सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतात. या सवलतीचा खर्च, तोटा वगैरे चर्चा मी ऐकते. माझ्या दवाखान्यापुरतं बोलायचं तर ती उपयोगी पडली आहे.

आता ज्या कारणाने गुडघा दुखत नाही, त्याच कारणाने काही धोकेही आहेत. मेंदू फाटक बंद करतो तेव्हा तो गुडघा आणि हृदय असा भेद करेलच असं नाही. पायऱ्या चढताना छातीवर दाब आला, जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे कळ गेली, नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, घाम फुटला, तर 'गॅस झाला असेल, दर्शन होऊ दे' असं करू नका. तिथेच बसा, सोबतच्यांना सांगा आणि दवाखाना गाठा. भीमाशंकरला पायऱ्या आधी उतरायच्या असतात आणि दर्शन झाल्यावर चढायच्या. उतरताना बरं वाटतं म्हणून हृदयाचे पेशंट फसतात. गुडघ्याचंही तेच. जिना चढता-उतरताना गुडघ्यावर अंगाच्या वजनाच्या सुमारे तिप्पट भार येतो. दुखत नाही म्हणून न थांबता चढलात तर तिसऱ्या दिवशी सूज येईल. वीस-पंचवीस पायऱ्यांनंतर दोन मिनिटं उभं राहा, कठड्याचा आधार घ्या.

शुगरवाल्यांसाठी दोन गोष्टी. ज्यांच्या तळपायांची जाणीव कमी झाली आहे, त्यांनी दुपारी देवळाच्या फरशीवर अनवाणी चालू नये. फरशी तापलेली आहे हे पायाला कळतच नाही, आणि घरी आल्यावर फोड दिसतात. ते फोड बरे व्हायला महिने लागतात. जाड मोजे घाला, देवाचं काही म्हणणं नसतं. दुसरं, उपास आणि चालणं एकाच दिवशी आलं तर शुगर एकदम खाली येऊ शकते. इन्शुलिन किंवा गोळी चालू असेल तर जाण्याआधी मला विचारून घ्या, आणि खिशात साखर किंवा गोळ्या-बिस्किटं असू द्या. गोळ्यांचा डबा मोठ्या बॅगेत नको, गाडीच्या टपावर जाणाऱ्या बॅगेत तर अजिबात नको.

बायकांनी पाण्याबद्दल नीट ऐका. वाटेत स्वच्छ संडास मिळणार नाही म्हणून तुम्ही सकाळपासून पाणीच पीत नाही, हे मला ठाऊक आहे. तुमची यात चूक नाही, सोय नसते ही खरीच गोष्ट आहे. पण सहलीनंतर लघवीला जळजळ, ताप, बद्धकोष्ठता घेऊन येणाऱ्या बायका मी दर हंगामात बघते. गाडी ठरवतानाच दर दोन तासांनी कुठे थांबायचं ते ड्रायव्हरशी पक्कं करा. त्याने पायही मोकळे होतात. चार तासांहून जास्त एका जागी बसून प्रवास झाला, की पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. धोका लहान आहे, पण एका पोटरीला सूज आणि दुखणं आलं तर चोळत बसू नका, दाखवायला या.

मुक्कामाच्या पहिल्या रात्री झोप लागली नाही तर घाबरू नका. २०१६ साली अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात असं दिसलं, की नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्यापेक्षा हलका झोपतो, जणू राखणीला बसतो. झोपेची गोळी घेण्यासारखं ते काही नाही.

एक प्रश्न राहतो. वर्षातून एक-दोनदा जाणं होतं, बाकीच्या दिवसांचं काय? मी माझ्या पेशंटना एक लहान गोष्ट करायला सांगते. दिवसातला अर्धा तास अंगणाच्या बाहेर, हातात काहीही न घेता. देवळात हरिपाठाला जा, सप्ताह असेल तर कीर्तनाला बसा, नाहीतर मैत्रिणीबरोबर रस्त्याने चालून या. लसूण, तांदूळ, गवार घरी राहू दे. आणि त्या अर्ध्या तासात चहा कुणाला हवा असेल तर तो ज्याचा त्याने करावा. ही शेवटची अट सगळ्यात अवघड जाते, म्हणून ती मी नवऱ्यासमोर किंवा मुलासमोर सांगते. गुडघ्याचे व्यायाम आहेतच, मांडीचे स्नायू बळकट करावेच लागतात, वजन जास्त असेल तर ते कमी करावं लागतं. ते टळत नाही.

ज्यांनी सुरुवातीचं ते वाक्य कधी म्हटलं असेल त्यांना एक विनंती. पुढच्या वेळी आईला किंवा सासूबाईंना घेऊन आलात की गुडघा कुठे आणि किती दुखतो एवढंच सांगू नका. तो कुठे असताना, कुणाबरोबर असताना दुखत नाही, तेही त्यांना सांगू द्या. मला औषध लिहायला त्याचा उपयोग होतो.